अवलंबित दिव्यांग नातेवाइकासाठीची प्राप्तिकर वजावट

अवलंबित दिव्यांग नातेवाइकासाठीची प्राप्तिकर वजावट ही भारताच्या प्राप्तिकर कायद्यातील एक तरतूद आहे. दिव्यांग पती किंवा पत्नी, मुले, आईवडील अथवा भावंडे यांचा सांभाळ करणाऱ्या निवासी करदात्याला या तरतुदीनुसार आपल्या एकूण उत्पन्नातून ठरावीक रक्कम वजा करता येते. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास ही रक्कम वर्षाला ७५,००० रुपये आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये आहे. प्रत्यक्ष खर्च किती झाला, यावर ती कमीजास्त होत नाही. अवलंबित व्यक्तीच्या वयाला कोणतीही मर्यादा नाही. पन्नाशीतील दिव्यांग बहिणीसाठी भाऊ जशी वजावट घेऊ शकतो, तशीच ती पाच वर्षांच्या मुलासाठी त्याच्या आईलाही मिळते.

प्राप्तिकर कायदा, १९६१ मध्ये ही तरतूद कलम ८०डीडी म्हणून ओळखली जाते. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या प्राप्तिकर कायदा, २०२५ मध्ये ती कलम १२७ मध्ये आहे. जुने क्रमांक लोकांच्या अधिक परिचयाचे असल्यामुळे या लेखातील कलमे व फॉर्म यांचे क्रमांक १९६१च्या कायद्याप्रमाणे दिले आहेत. प्रमाणपत्र व अंमलबजावणीचे वर्णन मुख्यतः मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केले आहे.

संज्ञा

कायद्याच्या मराठी व हिंदी अनुवादांत ‘अपंग’, ‘निःशक्त’, ‘विकलांग’ असे निरनिराळे शब्द आढळतात. शासकीय व्यवहारात आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे; महाराष्ट्र शासनाने ३ डिसेंबर २०२२ रोजी स्थापन केलेल्या स्वतंत्र विभागाचे नावही ‘दिव्यांग कल्याण विभाग’ असेच आहे. १९६१चा कायदा मात्र याबाबत जुन्या वळणाचा राहिला. ज्याच्या वतीने पालक किंवा व्यवस्थापक कर भरतो अशा मनोविकलांग व्यक्तीसाठी कलम १६० मध्ये जे इंग्रजी शब्द वापरले आहेत, ते आज कोणी सभ्य लेखनात वापरणार नाही.

‘वजावट’ आणि ‘करसवलत’ यांत फरक आहे. वजावट उत्पन्नातून वजा होते व उरलेल्या उत्पन्नावर कर लागतो. करसवलत थेट कराच्या रकमेतून मिळते. ७५,००० रुपयांची वजावट म्हणजे ७५,००० रुपयांचा लाभ नव्हे. हा गैरसमज सर्रास आढळतो.

तरतुदीचा इतिहास

कलमाचे सध्याचे स्वरूप वित्त अधिनियम, २००३ ने ठरवले व ते १ एप्रिल २००४ पासून लागू झाले. त्या वेळी वजावट ५०,००० रुपये आणि तीव्र दिव्यांगत्वासाठी ७५,००० रुपये होती. २००९ मध्ये तीव्र दिव्यांगत्वाची रक्कम एक लाख करण्यात आली. २०१५च्या अर्थसंकल्पाने दोन्ही रकमा वाढवून ७५,००० व १,२५,००० केल्या. त्यानंतर औषधोपचार, फिजिओथेरपी आणि घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार हे सारे वाढत गेले, पण वजावटीचा आकडा तसाच राहिला.

अवलंबित कोण

व्यक्तिगत करदात्याच्या बाबतीत पती किंवा पत्नी, मुलगे व मुली, आईवडील आणि भाऊ-बहीण एवढीच नाती कायद्याने मोजली आहेत. यांपैकी जी व्यक्ती आपल्या निर्वाहासाठी करदात्यावर ‘पूर्णतः किंवा मुख्यतः’ अवलंबून असेल आणि जिने त्या वर्षी स्वतःसाठी कलम ८०यू खालील वजावट घेतलेली नसेल, ती अवलंबित ठरते. अवलंबित व्यक्तीचे उत्पन्न अमुक रकमेच्या आत असावे, अशी आकड्यातील अट कलमात नाही. ती करदात्याच्याच घरात राहिली पाहिजे, असेही म्हटलेले नाही. मुलगा पुण्यात नोकरीला असेल आणि दिव्यांग वडील उदगीरला राहत असतील, तरी त्यांचा निर्वाह मुख्यतः मुलाच्या पैशावर चालत असल्यास वजावट मिळू शकते.

यादीत नसलेली नाती अधिक लक्षात ठेवण्याजोगी आहेत. काका, आत्या, मावशी, पुतण्या, भाचा, नातू, सून, सासू, सासरे आणि दीर यांच्यासाठी व्यक्तिगत करदात्याला ही वजावट नाही. प्रौढ दिव्यांगांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. आईवडील हयात असेपर्यंत वजावट त्यांना मिळते व त्यांच्यानंतर भावाला किंवा बहिणीला मिळू शकते. भावाच्या पश्चात त्याची पत्नी किंवा मुलगा त्या दिव्यांग व्यक्तीला सांभाळू लागला, की सांभाळ तोच असूनही वजावट संपते. मराठवाड्यातील एकत्र घरांत भावजय आणि पुतण्या हेच पुढे सांभाळ करतात, हे सर्वांना माहीत आहे. कायद्याला त्याची दखल नाही.

याला एक अपवाद आहे. हिंदू अविभक्त कुटुंब हा प्राप्तिकरासाठी स्वतंत्र करदाता मानला जातो, आणि अशा कुटुंबाला आपल्या कोणत्याही दिव्यांग सदस्यासाठी वजावट घेता येते. सून, पुतण्या किंवा अविवाहित काका हे कुटुंबाचे सदस्य असतात. त्यामुळे व्यक्तीच्या यादीत न बसणारी नाती येथे बसू शकतात. मात्र ती व्यक्ती कुटुंबाच्या उत्पन्नावर अवलंबून हवी आणि अविभक्त कुटुंबाला स्वतःचे करपात्र उत्पन्न हवे. लातूरच्या भुसार बाजारातील अडत व्यापाऱ्यांत कुटुंबाच्या नावाने वेगळे विवरणपत्र भरण्याची पद्धत जुनी आहे.

दोन भाऊ मिळून एका बहिणीचा खर्च करत असल्यास वजावट अर्धी-अर्धी वाटून घेण्याची सोय कलमात नाही. ‘मुख्यतः’ या शब्दाचा सरळ अर्थ लावला तर एका वर्षी एकानेच दावा करणे सुसंगत ठरते.

दिव्यांगत्व आणि टक्केवारी

कलमातील व्याख्या १९९५च्या दिव्यांग व्यक्ती कायद्यावर आधारलेली आहे. तिच्यात अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, बौद्धिक दिव्यांगत्व व मानसिक आजार यांचा समावेश होतो. त्यात राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मधील स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता यांची भर घातलेली आहे. १९९५च्या कायद्याची जागा पुढे दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली व त्यात एकवीस प्रकार मोजले गेले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, पार्किन्सन्स यांसारखे प्रकार २०१६च्या यादीत आहेत. कलम ८०डीडीने आधार घेतलेल्या मूळ यादीत त्यांची नावे नाहीत. अशा रुग्णांच्या कुटुंबांनी दावा करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घेणे इष्ट.

टक्केवारी ही सांभाळाच्या कष्टाचे अचूक माप असतेच असे नाही. बौद्धिक दिव्यांगत्वाच्या मूल्यमापनात सौम्य प्रकाराला ५० टक्के, मध्यमाला ७५, तीव्राला ९० आणि अतितीव्राला १०० टक्के देण्याची पद्धत आहे. म्हणजे मध्यम बौद्धिक दिव्यांगत्व असलेली प्रौढ व्यक्ती ८० टक्क्यांच्या रेषेखाली राहते व तिच्या पालकाला ७५,००० रुपयांचीच वजावट मिळते. अशा व्यक्तीला जन्मभर कोणाची तरी सोबत लागते, एकटीने बाहेर जाता येत नाही, व्यवहार करता येत नाहीत. तरीही कायद्याच्या दृष्टीने हे दिव्यांगत्व तीव्र ठरत नाही.

२०२४ मधील नियमदुरुस्तीनंतर वैश्विक ओळखपत्रावर रंगीत पट्टी येते. ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळी आणि ८० टक्के व त्यावर निळी. करदात्याला हे सोयीचे आहे. पिवळी पट्टी म्हणजे ७५,००० आणि निळी म्हणजे १,२५,००० एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. पांढऱ्या पट्टीवर ही वजावट नाही.

प्रमाणपत्र

वजावटीचा सर्व आधार वैद्यकीय प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर आहे. घरच्या डॉक्टरची चिठ्ठी, खासगी रुग्णालयातून सुट्टी मिळाल्याचा कागद किंवा शाळेचा दाखला चालत नाही. १ जून २०२१ पासून देशभर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या वैश्विक ओळखपत्र संकेतस्थळावरूनच देणे बंधनकारक झाले. अर्ज ऑनलाइन करायचा, रुग्णालय निवडायचे, ठरलेल्या दिवशी मूळ कागदपत्रांसह तपासणीला जायचे आणि मंडळाच्या निर्णयानंतर प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे, असा क्रम असतो. ओळखपत्र टपालाने येते.

नांदेडमध्ये शहरातील श्री गुरु गोविंदसिंघजी स्मारक जिल्हा रुग्णालय आणि विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही प्रमुख शासकीय रुग्णालये आहेत; लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. जिल्ह्यांचा विस्तार पाहता हा प्रवास सोपा नाही. किनवट ते नांदेड हे अंतर सव्वाशे किलोमीटरहून अधिक आहे. चाकाच्या खुर्चीवरील किंवा गर्दीत बिथरणाऱ्या प्रौढ व्यक्तीला घेऊन पहाटे एसटीने निघायचे, नोंदणीच्या रांगेत थांबायचे आणि संबंधित तज्ज्ञाचा वार चुकला तर पुन्हा यायचे, यात घरातील दोन माणसांचा दिवस जातो. अस्थिव्यंग, नेत्र, कान-नाक-घसा व मनोविकार यांचे तज्ज्ञ निरनिराळ्या दिवशी बसत असल्यास वार आधी विचारून घेणे उपयोगी पडते.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात आणि बहुविकलांगता यांच्यासाठी प्राप्तिकर नियमावलीतील नियम ११अ नुसार फॉर्म १०-आयए मधील प्रमाणपत्र लागते. ते मेंदूविकारशास्त्रात एम.डी. पदवी असलेल्या तज्ज्ञाकडून (बालकांसाठी बालमेंदूविकार तज्ज्ञाकडून), जिल्हा शल्यचिकित्सकाकडून किंवा शासकीय रुग्णालयाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडून घेता येते. हा फॉर्म प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन दाखल करावा लागतो. लातूरजवळ हरंगुळ येथे मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी ‘संवेदना’ हे केंद्र आहे. मात्र अशा केंद्रातील उपचाराचे वा प्रशिक्षणाचे कागद वैद्यकीय प्राधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राची जागा घेत नाहीत.

काही प्रमाणपत्रे कायमची असतात, काही ठरावीक मुदतीची. मुदतीचे प्रमाणपत्र ज्या वित्तीय वर्षात संपते त्या वर्षापर्यंतची वजावट मिळते. पुढच्या वर्षासाठी नवे लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हात, पाय किंवा पाठीचा कणा जायबंदी झालेल्यांपैकी जे तेव्हा लहान होते, ते आज तिशी-चाळिशीत आहेत. त्या काळातील प्रमाणपत्रे कागदी होती. विवरणपत्रात आता वैश्विक ओळखपत्राचा क्रमांक विचारला जातो, त्यामुळे जुना कागद जपून ठेवलेल्या कुटुंबांनीही नव्या प्रणालीत नोंदणी करून घेणे सोयीचे ठरते.

खर्चाची अट व विमा योजना

वजावट मिळण्यासाठी दोहोंपैकी एक गोष्ट घडलेली असावी लागते. करदात्याने अवलंबित व्यक्तीच्या उपचारावर, शुश्रूषेवर, प्रशिक्षणावर किंवा पुनर्वसनावर काही खर्च केलेला असावा. किंवा तिच्या निर्वाहासाठी मान्यताप्राप्त विमा योजनेत पैसे भरलेले असावेत. खर्च दहा हजार झाला काय किंवा तीन लाख झाला काय, वजावट ठरलेलीच. बिले विवरणपत्रासोबत जोडायची नसतात. तरीही काही पावत्या जवळ ठेवाव्यात, कारण खर्च केला असणे ही कलमातील अट आहे आणि विभागाकडून विचारणा झाली तर तेवढाच पुरावा हाती असतो.

विमा योजनेच्या भागाला एक लांबलेली कहाणी आहे. आपल्यामागे मुलाचे काय, या प्रश्नावर तोडगा म्हणून भारतीय आयुर्विमा महामंडळाची ‘जीवन आधार’ ही पॉलिसी या कलमाच्या आधाराने काढली गेली होती. पालकाच्या मृत्यूनंतर दिव्यांग मुलाला एकरकमी वा नियमित रक्कम मिळावी, अशी तिची रचना होती. अडचण अशी की पालक जिवंत असेपर्यंत मुलाला त्यातून काहीही मिळू शकत नव्हते. पालक निवृत्त झाला, उत्पन्न आटले आणि मुलाचा खर्च वाढला, तरी भरलेला पैसा अडकून राहायचा. एका पालकाने याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, कारण कायद्यात बदल करणे हे संसदेचे काम आहे. पण अशा कुटुंबांची अडचण खरी असल्याचे मान्य करून केंद्र सरकारने फेरविचार करावा, असे सुचवले. त्यानंतर वित्त अधिनियम, २०२२ ने कलम बदलले. करदात्याचे वय ६० वर्षे पूर्ण झाले आणि त्याने योजनेत पैसे भरणे थांबवले, की त्याच्या हयातीतच अवलंबित व्यक्तीला रक्कम मिळू लागली तरी वजावट कायम राहते. दिव्यांग व्यक्तीचे निधन करदात्याच्या आधी झाले, तर योजनेतून परत आलेली रक्कम त्या वर्षी करदात्याचे उत्पन्न धरली जाते. मात्र साठीनंतर त्या व्यक्तीला तिच्या हयातीत मिळालेल्या रकमेला हे लागू नाही.

दोन करप्रणाली आणि वजावटीचा खरा उपयोग

ही वजावट केवळ जुन्या करप्रणालीत मिळते. वित्तीय वर्ष २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात कलम ८०डीडी व ८०यू या दोन्ही वजावटी नाहीत. जुनी प्रणाली मुद्दाम निवडावी लागते आणि विवरणपत्र मुदतीतच भरावे लागते. मुदत उलटली की करदाता नव्या प्रणालीत जातो व प्रमाणपत्र हाती असूनही वजावट जाते.

जुन्या प्रणालीत लाभ किती, हे उत्पन्नाच्या टप्प्यावर अवलंबून असते. २० टक्क्यांच्या टप्प्यात ७५,००० रुपयांच्या वजावटीने ४ टक्के उपकरासह १५,६०० रुपये वाचतात आणि १,२५,००० च्या वजावटीने २६,०००. ३० टक्क्यांच्या टप्प्यात हेच आकडे २३,४०० व ३९,००० होतात. पाच लाखांच्या रेषेजवळ फरक अधिक पडतो. एकूण उत्पन्न ५,६०,००० असताना कर उपकरासह २५,४८० रुपये येतो. ७५,००० वजा झाल्यावर उत्पन्न ४,८५,००० उरते व कलम ८७अ च्या सवलतीमुळे कर शून्य होतो.

मात्र वित्तीय वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर (पगारदारांना प्रमाणित वजावटीसह १२,७५,००० पर्यंत) सामान्यतः कर लागत नाही. जिल्हा परिषदेचे शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका, बँकेतील लिपिक अशा बहुसंख्य पगारदारांचे उत्पन्न या मर्यादेत येत असल्याने त्यांना ही वजावट न घेताही कर शून्यच येतो. मग प्रश्न उरतो तो त्याहून अधिक उत्पन्नाचा. समजा, लातूरमधील एका प्राध्यापकाचा वार्षिक पगार १४ लाख आहे व त्याचा भाऊ ९० टक्के दिव्यांग आहे. नव्या प्रणालीत त्याचा कर उपकरासह ८१,९०० रुपये येतो. जुन्या प्रणालीत त्याने ५०,००० ची प्रमाणित वजावट, भविष्यनिर्वाह निधी इत्यादींचे दीड लाख, आरोग्य विम्याचे २५,००० आणि भावासाठीचे १,२५,००० असे सर्व वजा केले तरी कर १,३२,६०० होतो. गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख आणखी वजा केले तर ८५,८००. म्हणजे तरीही नवीच प्रणाली स्वस्त. राष्ट्रीय पेन्शन योजनेतील ५०,००० रुपयांची जादा वजावट धरली तर तो ७५,४०० वर येतो आणि तेव्हा कोठे जुनी प्रणाली परवडते. (घरभाडे भत्ता व व्यवसाय कर येथे धरलेला नाही.) थोडक्यात, कलम रद्द झालेले नाही, पण पगारदारांपैकी फार थोड्यांनाच आता त्याचा उपयोग उरला आहे. नव्या प्रणालीने दिलेली सूट दिव्यांग व्यक्ती घरात असलेल्याला आणि नसलेल्याला सारखीच मिळते. सांभाळाच्या खर्चाची वेगळी नोंद तिच्यात कोठेही नाही.

हिंदू अविभक्त कुटुंबाचे गणित वेगळे आहे. कलम ८७अ ची सवलत केवळ व्यक्तीला मिळते, कुटुंबाला मिळत नाही. सहा लाख उत्पन्नाच्या कुटुंबाला नव्या प्रणालीत १०,४०० रुपये कर येतो. जुन्या प्रणालीत तीव्र दिव्यांग सदस्यासाठी १,२५,००० व बचतीचे दीड लाख वजा केल्यास तो ३,९०० वर येतो. व्यवसायाचे उत्पन्न असल्यास जुनी प्रणाली निवडण्यासाठी फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो आणि नंतर प्रणाली बदलण्यावर मर्यादा येतात, हे मात्र ध्यानात घ्यावे.

शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे केवळ सोयाबीन, तूर, कापूस किंवा केळीवर जगणाऱ्या कुटुंबाला या वजावटीचा काहीच उपयोग नाही. ज्यातून वजा करायचे ते करपात्र उत्पन्नच त्याच्याकडे नसते. अशा घरांचा संबंध येतो तो संजय गांधी निराधार अनुदान योजनेशी. तिच्यात दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये करण्यात आले. तीव्र दिव्यांग भावासाठी ३० टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याचे वर्षाला ३९,००० रुपये वाचतात आणि निराधार दिव्यांगाला वर्षाला ३०,००० रुपये मिळतात, ही तुलना वाचकाने स्वतःच करून पाहावी.

दावा करण्याची रीत

पगारदाराने वर्षाच्या सुरुवातीसच कार्यालयाला जुनी प्रणाली निवडल्याचे कळवून प्रमाणपत्राची प्रत दिली, तर पगारातून कर कमी कापला जातो. तसे केले नसेल तरी विवरणपत्रात दावा करून जास्तीचा कापलेला कर परत मागता येतो. फॉर्म १६ मध्ये वजावट दिसत नाही म्हणून ती गेली, असे समजण्याचे कारण नाही. विवरणपत्रात दिव्यांगत्वाचे स्वरूप, अवलंबित व्यक्तीशी नाते, तिचा आधार व पॅन क्रमांक, फॉर्म १०-आयए लागू असल्यास तो भरल्याचा पोच क्रमांक आणि वैश्विक ओळखपत्राचा क्रमांक हा तपशील विचारला जातो. प्रमाणपत्र जोडायचे नसते. जपून ठेवायचे असते.

स्वतःचे उत्पन्न असलेली दिव्यांग व्यक्ती

दिव्यांग व्यक्तीचे स्वतःचे करपात्र उत्पन्न असल्यास तिला कलम ८०यू खाली तेवढीच, म्हणजे ७५,००० किंवा १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. एकाच व्यक्तीसाठी एका वर्षी दोन्ही कलमांचा लाभ घेता येत नाही. आईवडिलांनी प्रौढ दिव्यांग मुलाच्या नावे मुदत ठेव केली, तर ती भेट करमुक्त असते व व्याज मुलाचे उत्पन्न धरले जाते. ते पालकाच्या उत्पन्नात मिळवले जात नाही. अज्ञान मुलांचे उत्पन्न एरवी पालकाच्या उत्पन्नात मिळवतात, पण कलम ८०यू मध्ये बसणाऱ्या दिव्यांग मुलाला त्यातून वगळले आहे.

शासकीय कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याच्या कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आजीवन मिळू शकते. ते सुरू झाल्यावर ती व्यक्ती भावावर ‘मुख्यतः’ अवलंबून आहे का, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. निवृत्तिवेतन तुटपुंजे आणि खर्च मोठा असेल तर उत्तर होय असू शकते. नसेल तर तिच्या नावे विवरणपत्र भरून कलम ८०यू चा विचार करावा लागतो. अठरा वर्षांवरील बौद्धिक दिव्यांग व्यक्तीच्या वतीने बँकेचे व निवृत्तिवेतनाचे व्यवहार करण्यासाठी कायदेशीर पालकत्व लागते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुविकलांगता यांसाठी ते राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील स्थानिक स्तर समितीकडून मिळते. जिल्हाधिकारी या समितीचे अध्यक्ष असतात. आईवडील आहेत म्हणजे पालकत्व आहेच, असे प्रौढ व्यक्तीबाबत कायदा मानत नाही. अनेक कुटुंबांना हे कळते ते बँकेच्या खिडकीशी. कलम ८०डीडीच्या दाव्यासाठी मात्र पालकत्वाच्या दाखल्याची गरज नाही.

व्यवसाय करातील सूट

प्राप्तिकर शून्य असलेल्या नोकरदाराच्या पगारातूनही महाराष्ट्रात व्यवसाय कर कापला जातो. सामान्यतः तो महिन्याला २०० व फेब्रुवारीत ३०० असा वर्षाला २,५०० रुपये असतो. १९७५च्या राज्य अधिनियमातील कलम २७अ नुसार किमान ४० टक्के कायम दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला, तसेच बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना किंवा पालकाला या करातून सूट आहे. ही सूट जुन्या-नव्या करप्रणालीवर अवलंबून नाही. प्रमाणपत्रासह अर्ज आस्थापनेकडे द्यावा लागतो. रक्कम लहान असली, तरी नांदेड-लातूरमधील बहुसंख्य शिक्षक व कर्मचाऱ्यांना आज प्रत्यक्ष मिळू शकणारी सूट हीच आहे.

परदेशस्थ कुटुंबे

कलम ८०डीडी फक्त निवासी करदात्यासाठी असल्याने अमेरिकेत किंवा आखाती देशांत नोकरी करणाऱ्या अनिवासी मुलाला लातूरमधील दिव्यांग वडिलांसाठी भारतातील उत्पन्नावर ही वजावट घेता येत नाही. अमेरिकेच्या कायद्यात मूल पूर्णतः व कायमचे दिव्यांग असल्यास अवलंबित मूल ठरण्यासाठीची वयाची अट शिथिल होते आणि अशा प्रौढ अपत्यासाठी ५०० डॉलरपर्यंत करसवलत मिळू शकते. मात्र अवलंबित व्यक्ती सामान्यतः अमेरिकेची नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा वा मेक्सिको येथील रहिवासी असावी लागते. त्यामुळे भारतात राहणाऱ्या व भारतीय नागरिक असलेल्या आईवडिलांना वा भावंडांना दरमहा पैसे पाठवणाऱ्याला तो खर्च दोन्ही देशांच्या विवरणपत्रांत दाखवता येत नाही. तोच मुलगा परत येऊन कराच्या दृष्टीने निवासी झाला, की त्या वर्षापासून तो वडिलांसाठी दावा करू शकतो.